हौशी विमानबांधणी आणि ऑटोपायलट : निवड व जुळवणी यांचा इतिहास (कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विमानविद्येच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात पहिल्या उड्डाणाचा मान कोणाचा या प्रश्नाने फार मोठी जागा व्यापलेली आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आजही व्याख्यानांतून, स्मरणिकांतून आणि वर्गांतूनही सांगितली जाते. या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार अशा कथांना दिला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही वाद संपला नाही, कारण वादाचे केंद्र तंत्र नसून अभिमान हे होते.

या वादात एक मूलभूत गोष्ट नजरेआड होते. यंत्र जमिनीवरून वर उचलले जाणे हा उड्डाणाचा अर्धाच भाग आहे. ते हवेत सरळ व समतल राहणे आणि वाऱ्याच्या झोताने कलले असता पुन्हा पूर्वस्थितीत येणे हा उरलेला अर्धा भाग होय. १९०३ मध्ये राइट बंधूंनी जे साधले ते मुख्यतः हेच. इंजिनाच्या शक्तीपेक्षा नियंत्रणाचा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता. प्रस्तुत लेखात नियंत्रणाच्या या प्रश्नातून निर्माण झालेल्या ऑटोपायलट या यंत्रणेचा आणि विशेषतः स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी व्यक्तीला तिची निवड व जुळवणी कशी करावी लागते याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. कोल्हापूरचा संदर्भ येथे केवळ प्रादेशिक आपुलकीने घेतलेला नाही. स्वतंत्र भारताच्या विमानबांधणीचा एक प्रमुख शिल्पकार याच जिल्ह्यातला होता आणि जुळवणीचे ज्ञान ज्या प्रकारच्या कारखानदारीत वाढते तीही येथे होती.

लंबकापासून जायरोस्कोपपर्यंत

विमान आपोआप समतल ठेवण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न ऑर्व्हिल राइट यांनीच केला. त्यांच्या स्वयंचलित स्थिरकाला १९१३ या वर्षासाठीचा कॉलियर चषक मिळाला. त्यात विमानाचे आडवे कलणे ओळखण्यासाठी लंबकाची योजना होती. या योजनेतील अडचण समजण्यासाठी फार गणित लागत नाही. एस.टी. आंबा घाटात वळण घेते तेव्हा टपाला टांगलेली वस्तू बाहेरच्या बाजूला झुकते. वस्तुतः रस्ता तिथे सपाटही असू शकतो. विमानात तर याच्या उलट फसगत होते. योग्य रीतीने कललेल्या विमानाच्या वळणात लंबक विमानाच्या तळाशी काटकोनातच राहतो आणि विमान समतल असल्याचा निर्वाळा देतो. म्हणजे ज्या क्षणी साक्षीदाराची गरज असते, नेमका त्याच क्षणी तो फितूर होतो.

वेगाने फिरणारा जायरोस्कोप आपल्या अक्षाची दिशा सोडत नाही. या गुणधर्माचा उपयोग एल्मर स्पेरी यांनी जहाजांसाठी केला आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स यांनी तो विमानात आणला. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझों येथे सीन नदीवर लॉरेन्स यांनी कर्टिस उडती नौका प्रेक्षकांसमोरून नेली. त्यांचे दोन्ही हात वर होते आणि एमिल काशां हा त्यांचा यांत्रिकी पंखावर चालत गेला. त्याच्या वजनाने पंख खाली जाऊ लागताच यंत्रणेने तो सावरला. सुरक्षित विमानासाठी ठेवलेले पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक स्पेरी यांना मिळाले. दोन महिन्यांच्या आत महायुद्ध पेटले आणि सुरक्षिततेसाठी बनविलेल्या या तंत्राकडे वैमानिकरहित शस्त्र म्हणून पाहिले जाऊ लागले.

यानंतरचा लोकप्रिय टप्पा १९३३ चा आहे. वायली पोस्ट यांनी १९३१ मध्ये हॅरोल्ड गॅटी या मार्गदर्शकासह ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. १९३३ मध्ये त्यांनी तीच प्रदक्षिणा एकट्याने ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत पूर्ण केली. दुसऱ्या वेळी गॅटी यांची जागा स्पेरी ऑटोपायलटने घेतली होती. मात्र या यशोगाथेत सहसा न सांगितला जाणारा भाग असा की, ऑटोपायलट बिघडल्यामुळे पोस्ट यांना वाटेत दुरुस्तीसाठी थांबावे लागले. यंत्राने माणसाला विश्रांती दिली हे खरे. पण माणसालाही यंत्राची शुश्रूषा करावी लागली.

जुळवणी : इतिहासाची दुर्लक्षित बाजू

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकाचे नाव आणि पहिल्या प्रात्यक्षिकाची तारीख नोंदवून पुढे जातो. ते यंत्र प्रत्यक्ष कामात नीट चालावे म्हणून पुढे वर्षानुवर्षे जे बारीक फेरफार करावे लागतात, ते करणारे हात अनामिक राहतात. ऑटोपायलटच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये स्वयंचलित दिशानियंत्रणाचा सिद्धांत मांडला. त्यासाठी त्यांनी जहाजावरील सुकाणूवाल्यांचे निरीक्षण केले होते. कसलेला सुकाणूवाला जहाज आत्ता किती वळले आहे एवढेच पाहत नाही. ते किती काळापासून एकाच बाजूला ओढले जात आहे आणि किती वेगाने वळत आहे, हेही तो जमेस धरतो. आजचा नियंत्रण अभियंता ज्यांना प्रमाणात्मक, संचयी आणि दरावर आधारित घटक म्हणतो, ते तीन घटक म्हणजे अनुभवी माणसाच्या हाताचे गणिती रूपांतर होय. अमेरिकन नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. दराचा घटक नसताना दिशा दोन अंशांपर्यंत ढळत होती; तो घटक जोडल्यावर ढळणे अंशाच्या सहाव्या भागावर आले. सुकाणूवाल्यांपैकी बहुतेकांना इतके साधत नव्हते. तरीही नौदलाने ही यंत्रणा तेव्हा स्वीकारली नाही आणि त्यामागे जहाजावरील मंडळींचा विरोध हे कारण होते. ज्यांच्या हातांवरून नियम शिकला गेला, त्यांनीच त्याला नकार द्यावा, यात विसंगती नाही. त्यांच्या भाकरीचा प्रश्न त्यात होता.

या तीन घटकांचे प्रमाण किती ठेवावे हे सिद्धांत सांगत नाही. १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स या अभियंत्यांनी त्यासाठी एक व्यवहारी रीत दिली. केवळ प्रमाणात्मक घटक ठेवून त्याची तीव्रता वाढवत न्यावी. यंत्रणा सतत हेलकावू लागली की त्या मर्यादेची नोंद घ्यावी आणि तिथून ठरावीक प्रमाणात मागे यावे. ही रीत विमानासाठी नव्हे, तर कारखान्यांतील प्रक्रियांसाठी होती. परंतु आज हौशी विमानबांधक आपल्या विमानात जे करतो, त्याचा वंश तिथपर्यंत पोचतो.

कोल्हापुरातील कारागिरी

कोल्हापूरच्या वाचकाला ही हेलकाव्यांची भाषा परकी वाटू नये. शिवाजी उद्यमनगरातील ऑइल इंजिनाच्या कारागिराला गव्हर्नर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. फिरत्या वजनांचा गव्हर्नर इंजिनाचा वेग वाढताच इंधन कमी करतो आणि वेग उतरताच ते वाढवितो. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला हे साधन लावले आणि १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याच्या स्थैर्याचे गणित मांडले. स्प्रिंग चुकीची असली किंवा सांध्यात ढिलाई असली की इंजिन एकसारखे चढउतार करू लागते. याला कारागीर 'हंटिंग' म्हणतात. तो कानाने आवाज ऐकतो, स्प्रिंगचा ताण बदलतो, पिनची झीज तपासतो आणि इंजिन स्थिर करतो. ऑटोपायलटची जुळवणी तत्त्वतः याहून वेगळी नाही. फरक एवढाच की शेतातले इंजिन हेलकावले तर पंपाचे पाणी कमीजास्त होते आणि तीन हजार फुटांवर विमान हेलकावले तर परिणाम वेगळा असतो.

परदेशी यंत्र उघडून त्याप्रमाणे आपले यंत्र घडविण्याची परंपराही या शहरात जुनी आहे. बाबुराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्रणाचा कॅमेरा येथे तयार केला, हे सर्वश्रुत आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये उजळाईवाडी येथे विमानतळ सुरू झाला. परंतु कारागिरीची परंपरा आणि विमानतळ या दोन गोष्टी एकाच शहरात असूनही त्यांची गाठ पडून विमानबांधणी सुरू झाली, असे घडले नाही. विमान बांधण्यासाठी कोल्हापूरच्या माणसाला बंगळूरला जावे लागले.

डॉ. विष्णू माधव घाटगे

तो माणूस म्हणजे डॉ. वि. मा. घाटगे. गडहिंग्लज परिसरातील हसूरचंपू येथे १९०८ मध्ये जन्मलेले घाटगे जर्मनीतील गॉटिंगेन येथे आधुनिक वायुगतिकीचे जनक लुडविग प्रांटल यांचे विद्यार्थी होते. प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करणारे ते पहिले भारतीय. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, तेव्हा ते तिच्यात दाखल झाले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमानविद्या विभागाची जडणघडणही त्यांनी केली. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. पुढे पुष्पक, कृषक आणि किरण ही विमाने त्यांच्याच काळात घडली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुष्पक हे विमान लक्षणीय आहे. २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालेले हे दोन आसनी, कापडी आवरणाचे, वरच्या बाजूस पंख असलेले विमान देशातील फ्लाइंग क्लबांसाठी बनविले गेले. सुमारे १६० पुष्पके तयार झाली. अशा साध्या प्रशिक्षण विमानात ऑटोपायलटला स्थान नव्हते. स्थैर्य विमानाच्या आकारातच असावे अशी अपेक्षा होती. पंखांचा किंचित वर जाणारा कोन, शेपटीचे क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्याचे स्थान यांच्या मेळातून विमान आपोआप सावरते. प्रांटल यांच्या परंपरेतील अभियंत्याला हे सांगावे लागत नव्हते. आजच्या हौशी बांधकानेही प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट हीच आहे. मुळात बिघडलेल्या विमानावर ऑटोपायलट हा उपचार नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या इतिहासलेखनात संस्थानकाळ, सत्यशोधक चळवळ, कुस्ती आणि चित्रपट यांना मिळालेले स्थान योग्यच आहे. परंतु घाटगे यांना त्याच्या शतांशानेही जागा मिळालेली दिसत नाही. तळपदे यांच्या दंतकथेवर जितकी शाई खर्च झाली, तिचा काही अंश उड्डाण केल्याचा पुरावा असलेल्या विमानांच्या या कर्त्याकडे वळला असता तर अधिक बरे झाले असते.

हौशी बांधकाची निवड

अमेरिकेत पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये प्रायोगिक विमान संघटनेची स्थापना केली आणि घरी विमान बांधण्याच्या छंदाला संघटित रूप आले. तेथील नियमानुसार विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा आनंदासाठी स्वतः बांधलेला असला पाहिजे. या नियमाचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. कारखान्यात बनलेल्या विमानात ऑटोपायलट बसवायचा तर त्या विशिष्ट प्रकारच्या विमानासाठी त्याची मान्यता घ्यावी लागते. स्वतः बांधलेल्या विमानात मात्र निवडीचा निर्णय आणि जबाबदारी बांधकाचीच असते.

जुन्या पद्धतीचे, हवेच्या किंवा विजेच्या जोरावर फिरणारे जायरोस्कोप महाग आणि नाजूक होते. सिलिकॉनच्या कणीवर कोरलेले सूक्ष्म संवेदक मोटारउद्योगासाठी मोठ्या संख्येने बनू लागले आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती सर्वांना खुली झाली, तेव्हा हे चित्र पालटले. अर्कान्सासचे जिम यंकिन हे आधी कारखानी विमानांसाठी ऑटोपायलट बनवीत होते. त्यांच्या ट्रूट्रॅक या कंपनीने हौशी विमानांसाठी सोपी व तुलनेने स्वस्त यंत्रणा दिली. २०१९ मध्ये ही कंपनी बेंडिक्सकिंगने घेतली. डायनॉन आणि गार्मिन यांच्या यंत्रणांत ऑटोपायलट हा वेगळा खोका न राहता चित्रफलकाचाच एक भाग झाला. येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. या सूक्ष्म संवेदकांतील त्वरणमापकांना ऑर्व्हिल राइट यांच्या लंबकाचाच दोष आहे. वळणात तेही फसतात. म्हणून त्यांची साक्ष जायरोच्या साक्षीशी ताडून पाहावी लागते आणि काही यंत्रणा त्यासाठी हवेतील वेगाचाही आधार घेतात. अशा यंत्रणेत वेगमापकाची नळी तुंबली तर विमानाचा कल दाखविणारे चित्रही चुकू शकते. निवड करताना हे विचारून घेणे किमतीच्या तुलनेपेक्षा महत्त्वाचे ठरते.

निवडीचा दुसरा प्रश्न किती अक्षांवर नियंत्रण हवे हा आहे. केवळ पंख समतल ठेवणारी यंत्रणा स्वस्त असते आणि ढगात चुकून शिरलेल्या वैमानिकाला वाचवण्यास पुष्कळदा तेवढीही पुरते, कारण तेथे माणसाची दिशाभूल प्रथम आडव्या कलाबाबत होते. उंचीही राखावयाची असेल तर दुसरा अक्ष लागतो. तिसरा प्रश्न सर्व्हो मोटरच्या जोराचा. ती विमानाचे नियंत्रणफलक हलविण्याइतकी समर्थ हवी; पण बिघाड झाल्यास वैमानिकाच्या मनगटाला तिच्यावर मात करता आली पाहिजे. त्यासाठी घसरणारा क्लच किंवा ठरावीक जोराला तुटणारी पिन योजतात. ही पिन तुटावी म्हणूनच बसविलेली असते. तिच्या जागी कोणी मजबूत बोल्ट बसविला तर त्याने आपल्या सुटकेचे दार बंद केले असे समजावे.

जुळवणीची रीत

यंत्र बसवून झाल्यावर खरे काम सुरू होते. प्रथम हाताने उडवून विमान सरळ जाते की एका बाजूला ओढते ते पाहावे लागते. ओढ तशीच ठेवून ऑटोपायलट लावला तर तो सतत जोर लावून ती झाकतो. वैमानिकाला सर्व आलबेल वाटते आणि यंत्रणा बंद करताच विमान हिसका देऊन कलते. त्यानंतर सांधे तपासावयाचे. सर्व्हो आणि फलक यांच्यामधील दांड्यांत थोडी जरी ढिलाई असली तरी विमान दोन्ही बाजूंना मंदपणे डुलत राहते. अशा वेळी आकडे कितीही बदलले तरी उपयोग होत नाही, कारण दोष गणितात नसून बोल्टात असतो. उद्यमनगरातील कारागिराने हे निदान पहिल्या पाच मिनिटांत केले असते.

यांत्रिक दोष निवारल्यावर शांत हवेत, पुरेशा उंचीवर, प्रथम आडव्या कलाची व नंतर नाकाच्या चढउताराची जुळवणी केली जाते. संवेदनशीलता कमी असेल तर विमान सुस्तपणे भटकते. जास्त असेल तर थरथरते. ती हळूहळू वाढवीत थरथर सुरू होताच मागे यावयाचे, ही झीग्लर आणि निकोल्स यांची जुनीच वाट. एका वेगाला केलेली जुळवणी दुसऱ्या वेगाला लागू पडेलच असे नाही. फलकांवरील हवेचा प्रभाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास तोच फलक चौपट परिणाम करतो. म्हणून उतरतानाच्या मंद वेगाला सुरेख वाटणारी मांडणी जलद प्रवासात धोकादायक ठरू शकते. दोन्ही टोकांना आणि पुढच्या व मागच्या आसनांवरील भार बदलून ती तपासावी लागते.

भाराचा प्रश्न किती गंभीर असतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे बर्ट रुटान यांनी आखलेले व मोहावे येथे बांधले गेलेले 'व्हॉयेजर'. डिक रुटान आणि जीना येगर यांनी १४ ते २३ डिसेंबर १९८६ या काळात त्यातून इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ९ दिवस, ३ मिनिटे, ४४ सेकंद. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या वजनाचा बहुतांश भाग इंधनाचा होता. लांब, लवचीक पंख वाकत आणि जड असताना विमानाचे नाक वरखाली हेलकावे घेई. इंधन जळत गेले तसे विमानाचे वर्तन दररोज बदलत गेले. म्हणजे एका अर्थाने नऊ दिवसांत ते अनेक निरनिराळी विमाने उडवीत होते. ऑटोपायलटशिवाय दोन माणसांच्या हातांनी हे निभावणे अवघड होते.

चारकोपची गच्ची

महाराष्ट्रात स्वतःच्या घरी विमान बांधण्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे आहे. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळाले आणि २०२० मध्ये धुळे येथे त्याचे चाचणी उड्डाण झाले. प्रसिद्धी मिळाली ती मुख्यतः गच्चीला, सरकारी फायलींना आणि घोषित गुंतवणुकीच्या आकड्यांना. विमान हवेत कसे वागले, कोणत्या वेगाला ते किती स्थिर होते, नियंत्रणात कोणते फेरफार करावे लागले, या प्रश्नांना वृत्तपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. तळपदे यांच्या कथेत जे घडले त्याचीच ही सौम्य आवृत्ती होय : यंत्र उडाले की नाही एवढेच विचारले जाते.

अमेरिकेत नव्या हौशी विमानाला सामान्यतः २५ किंवा ४० तासांची चाचणी उड्डाणे ठरावीक क्षेत्रात पूर्ण करावी लागतात. या काळात बांधक प्रत्येक उड्डाणाची तारीख, वजन, वेग आणि बदललेली मांडणी वहीत लिहून ठेवतो. ऑटोपायलटच्या जुळवणीचे आकडेही त्यात येतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासकारासाठी ही वही अव्वल दर्जाचे साधन आहे, कारण तिच्यात यशाबरोबर फसलेले आकडेही शाबूत असतात. एचटी-२ आणि पुष्पक यांच्या चाचण्यांचे अहवाल, उद्यमनगरातील जुन्या कारखान्यांच्या रेखाटनांची भेंडोळी आणि धुळ्याच्या धावपट्टीवरील उड्डाणांच्या नोंदी ही सर्व याच वर्गातील साधने होत. मोडी दफ्तरांसाठी या शहराने जी आस्था दाखविली, तिला ही कागदपत्रेही पात्र आहेत. त्यांपैकी कारखान्यांतील कागद सर्वांत आधी नष्ट होतात, कारण जागा बदलताना ते रद्दीच्या भावाने जातात.